हायाशिदांच्या नावाची मिस्सा

खट्. राइस कुकरचं बटण वर उडालं आणि मी वळून पाहिलं. कॅस्मिर दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता, एकाच बुटाची, केव्हापासून. जबल अलीला जाणारी कंपनीची बस सहा चाळीसला आमच्या बिल्डिंगखाली येते; हमदुल्ला ड्रायव्हर हॉर्न देत नाही, दोन मिनिटं नुसता उभा राहतो आणि निघून जातो. टेबलावर आमचे तीन पासपोर्ट रबरबँड लावून ठेवलेले होते. वरती आमच्या लेकीचा, दियाचा, कारण तो नवा आहे आणि त्याचं कव्हर अजून वाकत नाही. कॅस्मिर बोलला होता ते इतकंच, की गुरुवारी कंपनीचा पीआरओ पासपोर्ट गोळा करणार, व्हिसाच्या रिन्युअलला, तर तीन द्यायचे का एक ते तेवढं सांगून ठेव. तीन का एक. करामाच्या भाजीवाल्याकडे मेथीच्या जुड्या घेताना विचारतो त्याच आवाजात. मग त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, दियाच्या बंद खोलीकडे एकदा पाहिलं, "येतो," म्हणाला आणि गेला. मी कुकरचं झाकण उघडलं. दियाच्या डब्याचा भात झाला होता आणि त्यात कुणाला काही विचारायचं नव्हतं, म्हणून तो मला त्या क्षणी फार आवडला.

गोष्ट अचानक आलेली नव्हती. जानेवारीपासून कंपनी घरभाडं देणार नाही हे ऑगस्टपासून कानावर होतं. एक पासपोर्ट म्हणजे मी आणि दिया वसईला, भुईगावात, त्याच्या आईवडिलांकडे. तो अल क्वोजला कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये, एका खोलीत सहा जण, आणि वर्षातून एक महिना घरी. तीन म्हणजे हा फ्लॅट सोडायचा, कुणाच्या तरी फ्लॅटमधली एक खोली घ्यायची, किचन सामाईक, बाथरूम सामाईक, आणि मीही कुठेतरी नोकरी धरायची. त्याला स्वतःला काय हवं होतं ते त्याने एकदाही सांगितलं नाही. कॅस्मिरची ही खोडच आहे. लग्नाआधी मला बघायला आला तेव्हाही चहाबरोबर केळ्याच्या वेफर्स आणि नानकटाई ठेवली होती, तर आधी मला विचारलं, तुम्हाला यातलं काय आवडतं, आणि मी वेफर्स म्हटल्यावर नानकटाई उचलली. मला वेफर्स उराव्यात म्हणून. पुढे कधीतरी कळलं, की त्यालाही वेफर्सच आवडतात. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि त्याच्याबरोबर निर्णयही घेता येत नाही. आपणच घ्यायचा आणि त्याने तो आपल्याला हवा होता असं तोंड करायचं.

सात वाजता दियाला शाळेच्या बसमध्ये चढवलं आणि सव्वानऊला मी बर दुबईकडे चालत निघाले. नोव्हेंबरातली सकाळ, ऊन अंगावर घेण्यासारखं, इथे वर्षातून मोजके आठवडे मिळतं तसं. सोमवार होता, आणि सोमवारी माझा जपानी स्वयंपाकाचा क्लास असे. हे वाक्य मी भुईगावला पत्रात लिहिलं तेव्हा माझ्या धाकट्या जावेने उलट लिहिलं होतं, की तिथे गेल्यावर माणसाला काय काय सुचतं. खरं तर क्लास माझा नव्हताच. खालच्या मजल्यावरची बेटी एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. जपानी पाहुण्यांशी दोन शब्द बोलता यावेत, त्यांना काय आवडतं ते कळावं म्हणून तिने चार सोमवारांचे दोनशे दिरहाम, म्हणजे आपले सव्वादोन हजार, भरून ठेवले, आणि लगेच तिची ड्युटी सकाळची झाली. पैसे परत मागायला तिला लाज वाटली. "तू जा गं सोफिया," म्हणाली, "नाहीतरी दिवसभर त्या कुकरशी बोलत बसतेस."

शिकवणारी बाई पन्नाशीची, चिझुको हायाशिदा. तोंडावर चिझुको-सान म्हणायचं हे बेटीने पढवून पाठवलं होतं. मनात मात्र मी तिला पहिल्या दिवसापासून चिझुकोबाई म्हणत आले. खाडीजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. किचन माझ्याएवढंच, पण प्रत्येक वस्तू अशी ठेवलेली, की जणू ती तिथे आधी होती आणि भिंती नंतर आल्या. आम्ही शिकणाऱ्या दोघीच, मी आणि झुबेदा. झुबेदा हैदराबादची, नवऱ्याचं देरा भागात शिलाईचं दुकान, आणि क्लासला यायचं कारण तिने पहिल्याच दिवशी हिंदीत सांगून टाकलं, की घरात सासू आहे. जपानी लोक स्वयंपाकात गोड दारू घालतात हे कुठूनसं कळल्यामुळे ती प्रत्येक बाटली उचलून वास घ्यायची. चिझुकोबाईने ती बाटली दुसऱ्या सोमवारपासून कपाटातच ठेवली आणि साखरेवर भागवलं. 

पहिल्या सोमवारी मी चूक केली ती मला अजून आठवते आणि अजून कान गरम होतात. तिने माझ्या हातात समुद्रातल्या शेवाळाची एक वाळलेली पट्टी दिली, चामड्यासारखी, काळपट हिरवी, वर पांढरी पूड. आमच्या वसईत वाळवणावर पांढरं दिसलं तर ते एक तर मीठ, नाहीतर बुरशी. माझे हात मला न विचारता नळाखाली गेले. दोन्ही बाजूंनी, अंगठ्याने घासून, अशी स्वच्छ धुतली मी ती पट्टी की आईने शाबासकी दिली असती. मागे वळून पाहिलं तर चिझुकोबाई तोंडाशी बोटं धरून उभी. तिच्या तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत तिने सांगितलं, की चव होती ती सगळी त्या पांढऱ्यात होती आणि आता ती दुबईच्या गटारात गेली आहे, गटाराचं सूप आज फार छान होईल. मग तिने दुसरी पट्टी दिली आणि एक ओला फडका, घट्ट पिळलेला, आणि नुसतं पुसायचं कसं ते दाखवलं, तापातल्या मुलाचं कपाळ पुसतात तसं.

त्यानंतर तिने पाकीट फोडलं आणि त्यातून बोटाएवढे सुके मासे ताटात ओतले. तो वास आला आणि मी जागच्या जागी लहान झाले. दुबईत आल्यापासून पाच वर्षं मी सुकट केली नव्हती. नाही, एकदा केली होती, पहिल्या वर्षी, कांदा आणि कोकम घालून. पंधरा मिनिटांत विजयकुमार वॉचमन दाराशी, हात जोडून, मॅडम, फोर्थ फ्लोअर कम्प्लेंट. त्यानंतर दिया मोठी झाली, तिला शब्द आले, आणि गेल्या वर्षी आईने पाठवलेल्या पार्सलचं तोंड सोडताच ती नाक धरून म्हणाली, "मम्मा, इट स्टिंक्स." ते पार्सल मी तिसऱ्या पिशवीत बांधून फ्रीझरच्या तळाशी ठेवलं, मेलेल्या माणसाचे कपडे ठेवावेत तसं, टाकवतही नाही आणि वापरवतही नाही. आणि इथे ही नाजूक बाई, पातळ पांढऱ्या कपातून चहा पिणारी, आपल्या किचनमध्ये खिडकीसुद्धा न उघडता सुक्या माशांचा ढीग मांडून बसलेली. ती काही सांगायच्या आत मी एक मासा उचलला, नखाने डोकं मोडलं, पोट फाकलं, आतली काळी रेघ काढून बाजूला ठेवली, दुसरा उचलला. पाचसहा झाल्यावर मान वर केली. चिझुकोबाई माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. मग तिने स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसली आणि तीही मोडायला लागली. तोच अंगठा, तीच रेघ, तोच छोटा कट् आवाज. सगळं पाकीट आम्ही दोघींनी असंच संपवलं. झुबेदा ओढणी नाकाला लावून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. कडूपणा जावा म्हणून आमच्याकडेही काढतात, हे मी सांगायला जाणार होते, पण त्याची काही गरजच उरली नव्हती.

त्याच दिवशी मी ते ताट पाहिलं. ताट म्हणजे लाकडी चौकोनी तबक. सूप झालं, भात झाला, पालक तिळाच्या कुटात कालवून झाला, तेव्हा आम्हाला वाढायच्या आधी तिने लहान लहान वाट्यांत अगदी थोडं थोडं काढलं, भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवलं आणि तबक खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर नेऊन मांडलं. तिथे एक फोटो होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला माणूस, उन्हामुळे डोळे बारीक, कुणीतरी हाक मारल्यावर वळावा तसा. जेवायच्या दोन काड्या तिने त्याच्या बाजूला वळवून ठेवल्या. मग आम्ही जेवलो. जेवता जेवता मध्येच ती उठली, वाडग्याचं झाकण उचललं, उलटं करून आतून पाहिलं, मान हलवली, परत ठेवलं आणि येऊन बसली. आम्ही वसईचे कॅथलिक मृतांपुढे पान वाढत नाही. मृतांच्या दिवशी कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या नेतो. पण शाळेच्या वाटेवर हिंदूंची वाडी होती, भाद्रपदात तिथे गेलेल्यांसाठी पानं वाढून ठेवलेली मी लहानपणापासून पाहत आले होते, त्यांच्या आवडीच्या पदार्थांसकट. त्यामुळे मला काही विचारावं लागलं नाही. झुबेदालाही नाही. लिफ्टमध्ये ती मला म्हणाली, "बेचारी. पूछना मत, रो देगी." आम्ही नाही विचारलं. उलट दोघी जरा जास्तच मऊ वागायला लागलो. झुबेदा तर दुसऱ्या सोमवारी त्या फोटोपुढून जाताना ओढणी डोक्यावर घ्यायला लागली.

आणि मी काय केलं, तर चर्चमध्ये त्या माणसाचं नाव दिलं. नोव्हेंबर हा आमचा मृतांचा महिना. इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एका शुक्रवारी मराठी मिस्सा होते, शंभर-सव्वाशे माणसं, सगळी वसईची नाहीतर मुंबईची. पाकिटात आपापल्या मृतांच्या नावांची चिठ्ठी टाकायची, फादर ती वेदीवर वाचून दाखवतात. मी माझ्या बाबांचं नाव लिहिलं, कॅस्मिरच्या आजीचं लिहिलं, आणि पेन खाली ठेवता ठेवता वाटलं, या परक्या गावात त्याचं कोण आहे, एकटी बाई रोज तबक मांडते, तिच्या बाजूने एक मेणबत्ती आपल्याकडून गेली तर काय बिघडलं. क्लासच्या रंगीत कागदावर तिचं आडनाव होतं, फोटोखाली इंग्रजीत 'तेत्सुओ'. फादर वाचत गेले, पेद्रू, इनास, मोनिका, जुझे, आणि मग थांबले, चष्मा नीट केला, आणि म्हणाले, "ते... तेत्सुओ... हायाशिदा. यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो." सव्वाशे वसईकरांनी एका आवाजात "आमेन" म्हटलं. कॅस्मिरने कोपराने मला ढोसलं. हा आपला कोण, म्हणून. "आहे एक," मी पुटपुटले, आणि मला त्या क्षणी फार चांगलं वाटलं, फार पुण्यवान.

तर तो तिसरा सोमवार, पासपोर्टचा. बटाटे आणि मांसाचा गोडसर रस्सा करायचा होता. मी बटाट्याच्या कडा घासून गोल करत होते, शिजताना कुस्करू नयेत म्हणून तिने शिकवलं होतं तशा, आणि मनात भुईगावच्या घराच्या खोल्या मोजत होते. मागच्या पडवीला लागून एक खोली आहे, सासऱ्यांनी आमच्यासाठी रंगवून ठेवली आहे. त्यांनी पत्रात रंग कळवला होता, फिका निळा. माणसं इतकी चांगली आहेत, की नकार देताना आपणच वाईट ठरतो. दिया विहिरीवर वाकेल, मोगऱ्याच्या वाफ्यात पाय घालेल, सहा महिन्यांत तिथली कादोडी बोली बोलायला लागेल, आणि शुक्रवारी तिच्या बापाचा फोन येईल, पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय विचारतात? जेवलीस का. अभ्यास केलास का. इथपर्यंत आले होते आणि फोन वाजला. खरोखरचा, चिझुकोबाईच्या भिंतीवरचा. तिने हात पुसून उचलला, ऐकलं, आणि तिचा आवाज असा बदलला की आम्ही दोघींनी सुऱ्या खाली ठेवल्या. ती जोरात बोलत होती, रागावत होती, मध्येच हसत होती. दोन मिनिटांत फोन ठेवला आणि वळून म्हणाली, की माझा नवरा. अल्जीरिया. वाळूचं वादळ, सहा दिवस लाईन बंद. आता त्याला मोजे हवे आहेत.

झुबेदा खुर्चीवर बसली. माझ्या हातात बटाटा होता तो तसाच राहिला. कपाटावर हेल्मेटखालून तो माणूस डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होता, आणि सव्वाशे माणसांचा आमेन माझ्या कानात वाजत होता. झुबेदाने लगेच स्वतःला सावरलं, माशाल्ला माशाल्ला म्हणत ती ओढणी खांद्यावर घेऊन रश्श्याकडे वळली. तिने काय फक्त डोकं झाकलं होतं. मी मात्र त्या दिवशी काय जेवले ते मला आठवत नाही. पाप केलं असं नाही म्हणणार, पण जिवंत माणसाला पुरल्यासारखं तर केलंच होतं, आणि वर पुण्य घेतलं होतं. झुबेदा निघाली तेव्हा मी भांडी घासायचं निमित्त करून मागे राहिले. नळ सोडला आणि नळाकडे तोंड करूनच सांगून टाकलं. चर्च, पाकीट, नाव, फादरांचा चष्मा. इंग्रजीत 'प्रेयर फॉर द डेड' म्हणताना जीभ अशी जड झाली, की तिला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिला कळलं. मी नळ बंद केला. मग मागे एक बारीक आवाज, मला वाटलं रडते आहे, वळून पाहिलं तर कट्ट्याला धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत, आवाज नाही. तिने विचारलं काय, तर फादरांनी नाव नीट म्हटलं का.

नीट म्हटलं, मी सांगितलं. आणि घाईघाईने हेही सांगितलं, की आमच्याकडे म्हणतात, जिवंत माणसाच्या मरणाची वार्ता उठली की त्याचं आयुष्य वाढतं. ती म्हणाली, किती? मी म्हटलं, सव्वाशे माणसं होती. तिला फिरून हसू फुटलं.

मग तिने चहा केला आणि तबकाचं सांगितलं. त्यांच्याकडे दूर गेलेल्या माणसासाठी घरात रोज पान मांडतात, त्याला तिथे भूक लागू नये आणि तो सुखरूप परत यावा म्हणून. तिच्या आजीने आजोबांसाठी मांडलं होतं. भाताच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब जमले, तर समजायचं माणूस ठीक आहे. मी विचार न करता बोलून गेले, की गरम भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच. "म्हणून मी भात नेहमी गरम वाढते," ती म्हणाली. पाच वर्षं झाली होती. कंपनीने घर दिलं दुबईत आणि नवरा तिकडे अल्जीरियाच्या वाळवंटात गॅसच्या कारखान्यावर, दर चार महिन्यांनी दोन आठवडे इथे. जपानी कंपन्यांत हे नेहमीचंच, ती म्हणाली, पुरुष एकटा जातो, घर मागे राहतं, त्याला आमच्यात शब्दसुद्धा आहे. मी म्हटलं, आमच्यात शब्द नाही पण माणसं भरपूर आहेत. आणि पासपोर्टांचं सांगितलं. तीन का एक. त्या बाईला मी तीनदा भेटले होते. आईलासुद्धा पत्रात जे लिहिलं नव्हतं ते मी तिला तिच्या किचनमध्ये उभी राहून सांगत होते, बहुधा एका जिवंत माणसाची मिस्सा घातल्यावर लपवण्यासारखं काही उरत नाही म्हणून. शेवटी विचारलंच, की तुम्ही कसं करता.

 ती कप फिरवत राहिली. मग जे म्हणाली ते मी मराठीत लिहिते, कारण तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि हे मोडकं नव्हतं. "मला ते फार चांगलं जमलं. पहिल्या वर्षी रडले, दुसऱ्या वर्षी जमायला लागलं. आता तो येतो तेव्हा दहाव्या दिवशी मला माझं टेबल परत हवं असतं. फोटो सॉस मागत नाही. इतकं चांगलं जमायला नको होतं." आणि उठून तिने तबकावरचा गार झालेला भात स्वतःच्या वाडग्यात घेतला आणि खायला बसली, रोज दुपारी तो तीच खाते, टाकायचा नसतो.

करामापर्यंत मी चालतच आले, बस गेली तरी थांबवली नाही. माझे बाबा चौदा वर्षं बहारीनला होते. हे मी कुणाला सांगते तेव्हा नेहमी आईचं कौतुक करते, कारण ते करण्यासारखं आहेच: केळीची बाग, पाण्याच्या मोटरीची भांडणं, आम्हा तिघांची शाळा, घरावर स्लॅब, सगळं तिने एकटीने केलं आणि तिला ते छान जमलं. बाबा कायमचे परत आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. स्टीलची ताटं आमच्याकडे चार, रोजची, प्रत्येकावर आईने नाव कोरून घेतलेलं. बाबांना आम्ही काचेच्या कपाटातलं पाहुण्यांचं ताट दिलं, निळ्या फुलांचं. प्रेमानेच दिलं. आठवडा गेला, महिना गेला, ते निळ्या फुलांतच जेवत होते. एक दिवस त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, "मला तुमच्यातलं एक ताट मिळेल का गं?" मी धावत आईकडे गेले, आई म्हणाली, हो की, आणूया, आणि आम्ही विसरलो. मुद्दाम नाही. पानात मीठ वाढताना आईचा हात त्यांच्यापाशी क्षणभर थांबायचा, किती लागतं ते तिला आठवायचं नाही, आणि ते म्हणायचे, असू दे, पुरे. पुढे ते जेवण पडवीत घ्यायला लागले. तिथे वारा येतो, म्हणायचे. बाबा तक्रार न करता गेले, चार वर्षांनी, झोपेत. दफनाहून आल्यावर आई ते निळ्या फुलांचं ताट घेऊन बराच वेळ उभी होती, आणि ते घासावं की नुसतं पुसावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

दियाची बस दीडला येते. ती उतरली, पाठीवरचं दप्तर माझ्याकडे देऊन शाळेतलं सांगत राहिली, कुणाचा दात पडला, कोण रडलं, सगळं इंग्रजीत, वेगाने, आणि मी हं हं म्हणत तिच्या वेणीतली वाळू झटकत होते. ती निळ्या खोलीत राहील तेव्हा तिला काय जमायला लागेल, हे मी पाहू लागले. सहा वर्षांची मुलं पटकन शिकतात. पहिल्या वर्षी रडेल.

कॅस्मिर सातला आला. तो हात धुवत असतानाच मी सांगितलं, आणखी थांबले असते तर माझ्या शहाणपणाने मला गाठलं असतं. "तीन दे," मी म्हटलं. नळ बराच वेळ चालू राहिला. मग तो म्हणाला, "शेअरिंगमध्ये किचन एकच असतं. तुला तिथे सुकट कुणी करू देणार नाही."

"इथे तरी कोण देत होतं?"

टॉवेल तोंडाला लावून तो हसला, आणि टॉवेल काढला तेव्हा चेहरा पुसलेला असूनही ओला दिसत होता. जेवताना, भात कालवत, मान वर न करता त्याने सांगितलं, की ऑफिसमधल्या तय्यबच्या फ्लॅटमधली एक खोली जानेवारीत रिकामी होते आहे, सतव्याला. त्याने दोन आठवड्यांपूर्वीच विचारून ठेवलं होतं, मागच्या बाजूची आहे, पण खिडकी आहे, आणि तय्यबची बायको चांगली आहे. मला इतका राग आला की घास तोंडातच राहिला. "मग सकाळी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला.

 मी त्याच्या पानात मीठ वाढलं, डाव्या कडेला, चिमूटभर, तो आमटीत नाही घालत, भातात घालतो. लिंबू पुढे सरकवलं. पाच वर्षांत नोकरी केलेली नव्हती, टायपिंगची परीक्षा दिली त्याला आठ वर्षं झाली होती, एका खोलीत आमचे पलंग कसे बसणार माहीत नव्हतं, आणि भुईगावला त्या निळ्या रंगाबद्दल काय लिहायचं तेही नाही. तरी जेवण चांगलं झालं. दिया खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती, तिने रबरबँड काढून तिन्ही पासपोर्ट पत्त्यांसारखे मांडले होते. तिला सगळं कळलं होतं, मुलांना असं कळतंच, बोलणं मराठीत चाललं होतं तरी. तिने डॅडीला विचारलं, न्यू स्टॅम्प किती दिवसांचा. तीन वर्षांचा, तो म्हणाला. तिने बोटांवर मोजलं, सात, आठ, नऊ, आणि तिला ते पुष्कळ वाटलं असावं, कारण ती खूश झाली. स्वतःचा पासपोर्ट उघडून कोऱ्या पानावरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"सो आय कॅन स्टे टिल आय अ‍ॅम नाइन," ती म्हणाली. "अँड देन हू डिसाइड्स, मम्मा? यू ऑर डॅडी?"